कारागीर मुलांचे कैवारी संत जॉन बॉस्को

ख्रिस्तसभेत संतांची वाण नाही. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी पुस्तिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा पुष्कळ नावे आमच्यापुढे आली. परंतु आमचे मन डॉन बॉस्को यांच्यावर स्थिरावले, आणि त्यास कारण आहे. दर वर्षी दहावीचा निकाल लागला म्हणजे ज्या घरचा मुलगा कॉलेजात जातो त्या घरून पेढे येतात; आणि ज्या घरचा मुलगा फिटरचे किंवा सुताराचे काम शिकावयास जातो, त्या घरची वार्ता आमच्या कानी हळू आवाजात येते, जणू काही घरात दुखणे आले आहे. त्या मुलाने काही पाप केलेले नसते. हाताच्या कामाचे रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, दाखला मिळविणे हे कमी प्रतीचे आहे, हा समज आपल्यात कोठून शिरला, हे आम्ही येथे शोधीत बसत नाही. ज्या धर्मगुरूने त्या समजाशी उभा जन्म झुंज घेतली, त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवितो.

‘डॉन’ हा शब्द इटली देशात धर्मगुरूच्या नावापूर्वी लावितात, जसे आपण ‘फादर’ म्हणतो. त्या देशाच्या वायव्येस पिएमोंट नावाचा प्रांत आहे. तेथे कास्तेलनुओव्हो गावाजवळील बेक्की ह्या वाडीवर, १८१५ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १६ व्या तारखेस, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जॉनचा जन्म झाला. त्याला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, १८१७ साली, त्याचे वडील फ्रान्सिस वारले. आई मार्गारिता हिला अक्षरओळख नव्हती. तथापि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तिला मुखोद्गत होती, आणि कष्ट व प्रार्थना ह्या दोन्ही गोष्टी तिने मुलांस एकाच वेळी शिकविल्या. घरात फ्रान्सिसच्या पहिल्या पत्नीचा मुलगा अँटनी हाही होता. जॉनहून तो सात वर्षांनी वडील. जॉनच्या हाती पुस्तक दिसले की त्याचे डोके फिरे. ज्याला जन्मभर कुदळ चालवायची आहे त्याने पुस्तकात तोंड खुपसून काय मिळवावयाचे, असे त्याचे म्हणणे असे. अँटनी दुष्ट नव्हता. कोवळ्या वयात घरच्या शेतीचा भार त्याच्या अंगावर पडला होता, आणि आम्हांस त्याचा राग येत नाही. पण कुदळ आणि पुस्तक ह्यांचे वैर आहे ही त्याची समजूत घराला फार महाग पडली. १८२८ सालच्या ऐन हिवाळ्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, जॉनला घर सोडून मोलिया नावाच्या एका कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. आज आपल्यात नेमकी उलटी समजूत आहे. ज्याच्या हाती पुस्तक आले त्याने कुदळीस शिवू नये, असे आपण मानतो. दोन्ही समजुतींची आई एकच.

पुढे कालोस्सो नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूने जॉनला लॅटिन शिकविण्यास आरंभ केला; परंतु १८३० साली ते अकस्मात वारले आणि मुलगा पुन्हा उघडा पडला. मग तो कास्तेलनुओव्होच्या शाळेत जाऊ लागला व तेथे एका शिंप्याच्या घरी राहिला. राहिला तो रिकामा बसला नाही. गुंड्या लावणे, शिवण घालणे, कापड बेतणे, हे सारे त्याने शिकून घेतले. त्याच गावच्या लोहाराकडे घण व कानस चालविण्याचीही त्याने सवय केली. १८३१ साली तो किएरी ह्या शहरी गेला. वयाची सोळा वर्षे झालेला हा खेड्यातला दांडगा मुलगा तेथे अगदी लहान मुलांच्या वर्गात बसला, आणि एका वर्षात तीन वर्ग चढला. किएरीस असताना काही काळ तो एका कॉफीच्या दुकानी काम करून जिन्याखालच्या अरुंद जागेत झोपत असे. मिठाया व सरबते करण्याची विद्या त्याने तेथे संपादन केली. पोट भरण्याकरिता शिकलेल्या ह्या लहानसहान विद्यांचे पुढे काय झाले ते लवकरच येईल.

१८३५ साली जॉनने गुरुविद्यालयात प्रवेश केला, आणि १८४१ सालच्या जून महिन्याच्या ५ व्या तारखेस ट्यूरिन शहरी त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर जोसेफ काफास्सो (हेही पुढे संत म्हणून घोषित झाले) त्यांस आपल्याबरोबर तुरुंगात नेऊ लागले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजांआड बसलेली पाहून ह्या तरुण धर्मगुरूच्या काळजाचे पाणी झाले. त्याहूनही एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांचे कोणी नसे आणि त्यांस काही येत नसे. ट्यूरिन त्या काळी वाढत होते. डोंगराळ मुलखातून व शेजारच्या लोंबार्दीतून मुले हंगामी कामासाठी शहरात येत, गवंड्यांच्या हाताखाली चुना वाहत आणि पहाडांवर चढत. मुलगा पडला, आजारी झाला किंवा धन्याची मर्जी फिरली की त्याला वाटेस लावीत. त्याच्यापाशी ना विद्या, ना हुन्नर, ना कागद.

१८४१ च्या डिसेंबरच्या ८ व्या तारखेस, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या देवळाच्या वस्त्रागारात घडलेला प्रसंग आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. मिस्सेस मदत करता येत नाही म्हणून मिरजोराने एका पोरास मारून बाहेर काढले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलाविले. बार्थोलोम्यू गारेल्ली हे त्याचे नाव. सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी. त्याला लिहिता, वाचता, गाता येत नव्हते. पण शीळ घालता येते का असे विचारताच तो हसला, आणि तेथून धर्मशिक्षणाचा पहिला पाठ सुरू झाला. त्या एका मुलाचे पुढे शेकडो झाले. ही मंडळी घेऊन डॉन बॉस्को कित्येक वर्षे ट्यूरिनभर वणवण फिरले. गोंगाटास कंटाळून प्रत्येक जागेचे मालक त्यांस घालवून देत. अखेर १८४६ सालच्या पुनरुत्थानाच्या सणास वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या घरामागील एक ठेंगणे छप्पर त्यांस भाड्याने मिळाले. त्याच उन्हाळ्यात ते मरणाच्या दारी जाऊन परत आले. आणि नोव्हेंबरात त्यांची आई बेक्कीचे घर सोडून, लग्नाचे कपडे मोडून देवळातील उपासनेची वस्त्रे करावयास, त्यांच्याबरोबर ट्यूरिनास राहावयास आली.

येथून त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला असे आम्ही मानतो. दिवसभर चुना वाहून आलेल्या मुलांसाठी त्यांनी रात्रीचे वर्ग काढले. वाचन, लेखन, हिशेब हे तर होतेच; पण त्या राज्यात १८५० सालच्या जानेवारीच्या १ ल्या तारखेपासून मीटर, लिटर व किलो ही नवी मापे सक्तीची होणार होती, आणि जुन्या मापांवर वाढलेल्या गरिबांस दुकानदार सहज फसवील, हे त्यांनी आधीच ओळखले. त्यांनी १८४९ साली ह्या मापांवर एक सोपी पुस्तिका छापून काढली. एवढ्यावर न थांबता मुलांकडून त्यावर संवादरूप खेळही करविले, ज्यात कोणी व्यापारी, कोणी गवंडी, कोणी खेडवळ होऊन नव्या मापांचा घोळ रंगभूमीवर सोडवीत. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आणि त्यानंतर किलो आले, तेव्हा बाजारात बायाबापड्यांची जी तारांबळ उडाली ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकली असेल, त्यांस ह्या खेळाचे मोल कळेल.

परंतु अक्षरे आणि हिशेब शिकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धन्याकडे जाई. तेथे त्यास धंदा शिकविण्याऐवजी पाणी भरावयास लावीत, मूल सांभाळावयास लावीत, आणि चूक झाली की हाताला लागेल ते फेकून मारीत. उमेदवारीची तीन वर्षे संपली तरी हातात कसब नाही, अशी पुष्कळांची गत. डॉन बॉस्को धन्यांकडे जाऊन हात जोडीत. पण शब्दाने काम भागत नाही हे पाहून त्यांनी लेखी कराराचा मार्ग धरिला. असे करार त्या शहरातील एक-दोन धर्मादाय संस्था पूर्वीही करीत असत, हे खरे. परंतु एका गरीब धर्मगुरूने धन्यासमोर कागद ठेवून प्रत्येक कलमावर अडून बसावे, ही गोष्ट निराळी होती.

१८५१ सालच्या नोव्हेंबरात काचकामाच्या एका धन्याशी झालेला करार आजही उपलब्ध आहे. मुदत तीन वर्षांची. धन्याने मुलास आपला धंदा शिकवावा व त्यातील नियम समजावून द्यावेत. धंद्याशी ज्याचा संबंध नाही असे काम त्यास सांगू नये. चुकल्यास शब्दाने सुधारावे, अन्य रीतीने नव्हे. आदितवार व सणाचा दिवस मुलास मोकळा असावा. पहिल्या वर्षी रोज एक लिरा, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी दोन, अशी चढती मजुरी द्यावी; आणि वर्षातून पंधरा दिवस सुटी द्यावी. मुलानेही काम चित्त लावून करावे, आज्ञा पाळावी, आणि त्याच्या चुकीने नुकसान झाल्यास भरून द्यावे. १८५२ सालच्या फेब्रुवारीच्या ८ व्या तारखेस एका सुताराशी झालेला दुसरा करार तर सरकारी स्टँपाच्या कागदावर आहे. त्यावर धनी, उमेदवार मुलगा, त्याचा बाप आणि डॉन बॉस्को, अशा सह्या आहेत. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे जगप्रसिद्ध परिपत्रक निघाले ते १८९१ साली, म्हणजे ह्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. ज्या मुलाचे नाव आजवर फक्त तुरुंगाच्या वहीत लिहिले जाण्याचा संभव होता, त्याचे नाव आता स्टँपाच्या कागदावर धन्याच्या नावाशेजारी आले.

तरीही शहरातील कारखान्यांची हवा मुलांस बाधे. म्हणून १८५३ साली डॉन बॉस्कोंनी आपल्याच घरी दोन कामशाळा घातल्या. एक जोडे शिवण्याची, दुसरी शिंपीकामाची. जोड्यांचे दोन लहान मेज देवळाला लागून असलेल्या बोळात मांडले होते. आरी कशी धरावी, टाका कसा ओढावा, हे प्रथम त्यांनी स्वतः बसून दाखविले असे सांगतात. कास्तेलनुओव्होच्या शिंप्याकडे काढलेले दिवस असे कामास आले. १८५४ साली पुस्तकबांधणी सुरू झाली, तीही मोठ्या मौजेने. बांधणारा मिस्त्री कोणी नव्हता. छापलेल्या कागदांचे ताव घडी घालून एका मुलापुढे ठेवण्यात आले आणि तूच आमचा पुस्तकबांधणीकर असे त्यास सांगण्यात आले. मार्गारिताबाईने पिठाची खळ शिजवून दिली, कडा कापावयास स्वयंपाकघरातील हत्यार आणिले, आणि सोन्याच्या मुलाम्याऐवजी कडांस माती फासली. सर्वांची हसून पुरेवाट झाली. पण पुस्तक तयार झाले. १८५६ साली सुतारकाम आले, १८६२ साली छापखाना व लोहारकाम. छापखाना हा त्यांचा विशेष लाडका. तेथे खिळे जुळविणाऱ्या मुलास शब्द वाचता आला पाहिजे, शुद्ध लिहिता आला पाहिजे. तेव्हा हात आणि डोके ह्यांची फारकत करू म्हटले तरी होत नसे.

ह्या घराची दुसरी एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. तेथे कामशाळेत शिकणारी मुले व लॅटिन शिकणारी मुले एकाच छपराखाली राहत, एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत. कारागिरांचे काम दिवसा व वर्ग संध्याकाळी, एवढाच भेद. एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाटही खुली असे. कारोन्नो गावाहून गवंडीकामासाठी आलेल्या बुझ्झेत्ती भावांचे उदाहरण पाहा. जोसेफ हा अगदी आरंभीच्या मुलांपैकी एक. त्याने विटा सोडून विद्याभ्यास धरिला. पुढे बोटाला इजा झाल्यामुळे धर्मगुरू होण्याची वाट बंद झाली, तरी तो अखेरपर्यंत डॉन बॉस्कोंचा उजवा हात होऊन राहिला व त्यांच्या संस्थेत बंधू झाला. त्याचा भाऊ कार्लो याने गवंड्याचाच धंदा धरिला. तो शिकत शिकत मोठा बांधकाम-कंत्राटदार झाला. आणि वाल्दोक्को येथे साहाय्यक मरियामातेचे जे भव्य देऊळ १८६८ सालच्या जूनच्या ९ व्या तारखेस अर्पण करण्यात आले, त्याचे बांधकाम त्याच कार्लोच्या हातचे. दोघांपैकी कोणता भाऊ ‘शिकला’ म्हणावयाचे? तिसरे उदाहरण मायकेल रुआ यांचे. बाप शस्त्रांच्या कारखान्यात नोकर; मुलानेही त्याच कारखान्यात कारकुनी करावी असे घरी योजिले होते. डॉन बॉस्कोंनी त्यास लॅटिनकडे वळविले, आणि तोच मुलगा त्यांच्या पश्चात संस्थेचा पहिला वारस झाला.

मुलींचीही आठवण ठेवली पाहिजे. मोर्नेझे गावची मरिया माझ्झारेल्लो ही शेतावर राबणारी मुलगी. १८६० साली विषमज्वराने तिची शक्ती हरण केली तेव्हा तिने शिवण शिकून गावातील मुलींसाठी शिवणवर्ग काढला; आणि १८७२ साली तिच्यासह डॉन बॉस्कोंनी मरिया साहाय्यकारिणीच्या कन्यांचा संघ स्थापन केला. मुलांच्या कार्यासाठी सलेशियन संस्था १८५९ सालीच जन्मास आली होती.

सरकारी दाखल्याच्या बाबतीतही डॉन बॉस्को डोळस होते. नव्या कायद्यांप्रमाणे शाळेत शिकविणाऱ्यास पदवी किंवा प्रमाणपत्र आवश्यक झाले, तेव्हा त्यांनी आपले हुशार तरुण ट्यूरिनच्या विद्यापीठात परीक्षेस बसविले, आणि त्यांतील फ्रांचेझिया, दुरांदो, चेरुत्ती प्रभृती मंडळी उत्तम रीतीने पार पडली. ख्रिस्तसभेविषयी सरकारची नजर त्या काळी वाकडी होती, यात संशय नाही. तरी १८७९ साली वाल्दोक्कोची उच्च शाळा बंद करण्याचा हुकूम सुटला, त्याचे कारण म्हणून नेमके कागदावरच बोट ठेवण्यात आले. ज्या शिक्षकांची प्रमाणपत्रे दाखल होती तेच वर्गात प्रत्यक्ष शिकवीत नाहीत, असा ठपका होता. डॉन बॉस्को त्या हुकुमाविरुद्ध वरपर्यंत झगडले. कागदावाचून चांगल्या कामाचीही कशी कोंडी होते, ह्याचा अनुभव त्यांनी म्हातारपणी असा घेतला.

कामशाळांची वाटही सरळ नव्हती. बाहेरून आणिलेल्या मिस्त्रींपैकी काही जण आपले काम उरकून घेण्यापुरतेच मुलांकडे पाहत. काही काळ मिस्त्रींसच कामशाळा चालवावयास दिल्या, तेही जमले नाही. अनेक प्रयोग फसल्यावर डॉन बॉस्कोंनी आपल्याच संस्थेतील व्रतस्थ बंधूंस मिस्त्री म्हणून तयार करण्याचे ठरविले. १८८३ साली सान बेनिन्यो येथील अशा तरुण बंधूंस त्यांनी बजाविले की तुम्ही घरातील नोकर नव्हेत, तुम्ही कामशाळेचे धनी व्हावे अशी माझी इच्छा आहे. पुढल्याच वर्षी ट्यूरिनच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी लोकांसमोर कागद तयार करण्यापासून छापून, बांधून पुस्तक हातात देण्यापर्यंतचे सारे काम करून दाखविले. पाहणाऱ्यांची दाटी हटेना.

अखेरीस १८८६ साली संस्थेच्या महासभेने कारागीर मुलांच्या शिक्षणाचा क्रम लिहून निश्चित केला. त्यात तीन अंगे सांगितली आहेत: धर्म व नीती, बुद्धी, आणि धंदा. धंदा पायरीपायरीने, साधारण पाच वर्षांत शिकवावा. त्याबरोबर लेखन-हिशेबाचे वर्ग चालवावे. दर वर्षी मुलांच्या कामाचे प्रदर्शन भरवावे. आणि मुदत संपताच मुलास एक दाखला द्यावा, ज्यात त्याच्या धंद्यातील प्रगतीचा व त्याच्या वर्तनाचा स्पष्ट उल्लेख असावा. १८५२ साली धन्याच्या सहीने झालेला करार मुलाचे उमेदवारीच्या काळात रक्षण करी. हा दाखला त्यानंतर जन्मभर त्याच्या खिशात राहणार होता. तो दाखवून मुलास काम मिळे, आणि त्याच्या पोटात जो अभ्यास होता त्याच्या बळावर पुढे शिकताही येई. आज आपली मुले आय. टी. आय. मध्ये जाऊन जे प्रमाणपत्र आणतात, त्याचे ते वडीलधारे नातलग आहे असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

१८७५ साली सलेशियनांची पहिली तुकडी अर्जेंटिनास निघाली, तिच्यातील दहा जणांत सहा धर्मगुरू व चार बंधू होते. ह्या बंधूंत सुतार होता, जोडे शिवणारा होता. भारतात ही मंडळी १९०६ साली तंजावर येथे उतरली, आणि १९२८ साली मुंबईस आली. मुंबईच्या रेल्वेच्या डब्यातून माटुंग्यावरून जाताना डॉन बॉस्को हे नाव आपल्यापैकी कोणी उच्चारले नसेल असे आम्हांस वाटत नाही. मात्र ते नाव प्रथम एका बोळातल्या दोन मेजांवरून निघाले, हे थोड्यांस ठाऊक असते.

डॉन बॉस्को यांनी १८८८ सालच्या जानेवारीच्या ३१ व्या तारखेस पहाटे देह ठेविला. अंत्ययात्रेस ट्यूरिनचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्यांचा देह प्रथम शहराबाहेर वाल्सालिचे येथे पुरण्यात आला. १९२९ साली त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यात आले, आणि १९३४ सालच्या पुनरुत्थान रविवारी पोप अकरावे पायस यांनी त्यांस संतपद दिले. धन्य झाल्यानंतर, त्याच १९२९ च्या जून महिन्यात, त्यांचा देह मोठ्या मिरवणुकीने वाल्दोक्कोस आणून साहाय्यक मरियामातेच्या देवळात ठेविला. त्या देवळाच्या भिंती कारोन्नोच्या कार्लो बुझ्झेत्तीने उभ्या केलेल्या आहेत.